लहान विमानासाठी बोल्ट: इतवारीतला ८.८ चालेल का?

देवळीचा_पाना
नमस्कार मंडळी. देवळीजवळ माझं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. थ्रेशर, रोटाव्हेटर, ट्रॉली, पेरणीयंत्र, सगळं करतो. भाचा एरोनॉटिकलचा डिप्लोमा करून गावी आला आणि गेल्या दिवाळीपासून आम्ही दोघं मिळून दोन सीटचं हलकं विमान जुळवून राहिलो आहे. किट बाहेरून आणलेलं आहे, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. परवानगीचे कागद डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याकडे, सुरू आहेत. ते हातात आल्याशिवाय विमान शेडबाहेर निघणार नाही.

अडचण अशी की किटमधली बोल्टांची पेटी वाटेत फुटली. काही बोल्ट सांडले, काही पावसात भिजले, पुड्यांवरच्या चिठ्ठ्या निघून गेल्या. नवे मागवायचे तर कुरिअर आणि कस्टम धरून इथल्या बोल्टच्या आठ-दहापट पैसे लागतात, आणि वाट पाहावी लागते ती वेगळी. नागपूरला इतवारीत गेलो तर ८.८ चा हाय टेन्साइल बोल्ट त्याच दिवशी मिळतो. थ्रेशरच्या ड्रमला मी वीस वर्षं तोच लावतो, एकही तुटला नाही. भाचा म्हणतो, "मामा, एएनचाच पाहिजे." म्हणजे विमानासाठीच्या अमेरिकी मानकाचा बोल्ट. का, तर पुस्तकात लिहिलं आहे म्हणून. मला त्यामागचं कारण समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी सांगा जी.

काटोल_वर्कशॉप
भाऊ, ८.८ वर शंका असेल तर सरळ १२.९ घ्या. काळा ॲलन बोल्ट. त्याच्यापेक्षा मजबूत काही मिळत नाही. आम्ही जेसीबीच्या कामाला तेच वापरतो.

धातुशिक्षक_अमरावती
काटोलकर, हा सल्ला मागे घ्या अशी विनंती करतो. कारण सांगतो.

आधी आकडे बघू. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं, त्यातला पहिला ८ म्हणजे ताण सोसायची कमाल ताकद ८०० मेगापास्कल. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. एएन मालिकेतल्या नेहमीच्या पोलादी बोल्टची ताकद १,२५,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ८६० मेगापास्कल. कागदावर ८.८ फार मागे नाही आणि १२.९ तर बराच पुढे आहे. म्हणूनच लोक फसतात.

विमानातला बोल्ट एकदाच जोरात ओढला जात नाही. तो तासभर थरथरतो, उतरताना दणका खातो, आणि हे हजारो वेळा होतं. तिथं कडकपणापेक्षा चिवटपणा जास्त कामाचा. एएन बोल्ट तुटायच्या आधी वाकतो, म्हणजे तपासणीत सापडायची संधी देतो. १२.९ इतका कडक असतो की बारीकशी चीर पडली की ती पुढे धावत जाते.

दुसरी गोष्ट हायड्रोजनची. इतक्या कडक पोलादावर जस्ताचा विजेचा मुलामा देताना हायड्रोजन धातूत शिरतो. मुलाम्यानंतर लगेच, काही तासांच्या आत, बोल्ट भट्टीत सुमारे २०० अंशांवर बराच वेळ तापवून तो बाहेर काढावा लागतो. कुणी ती पायरी गाळली, तर बोल्ट आवळताना काहीच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, विमान नुसतं उभं असताना, डोकं आपोआप तुटून पडतं. चकचकीत मुलामा दिलेला १२.९ दिसला तर मी तो हातातही घेणार नाही.

काटोल_वर्कशॉप
मागे घेतला सर. हे माहीत नव्हतं. आमच्या इकडे एका लोडरच्या बोल्टचं डोकं रात्रीतून असंच तुटून पडलं होतं, आम्ही ऑपरेटरला बोललो. आता समजलं.

सार्जंट_हिंगणघाट
देवळीकर, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि भाच्याचं उत्तरही बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. हवाई दलात मी एअरफ्रेमच्या, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या, कामावर होतो, शेवटची काही वर्षं नागपूरला मेंटेनन्स कमांडमध्ये. उरलेलं अर्धं मी सांगतो.

थ्रेशरचा बोल्ट दोन पत्रे दाबून धरतो. त्या दाबानेच जोड टिकतो. विमानातल्या बहुतेक जोडांमध्ये बोल्ट खुंटीसारखा काम करतो. नळी एकीकडे ओढते, ब्रॅकेट दुसरीकडे, आणि मधे बोल्टची गुळगुळीत दांडी आडवी उभी असते. त्या दांडीला ग्रिप म्हणतात. एएन बोल्टचं खरं मोल या ग्रिपमध्ये आहे. जोडातल्या सगळ्या पत्र्यांची मिळून जितकी जाडी, तितकीच ग्रिप हवी. आटे, म्हणजे आपल्याकडे ज्याला चुडी म्हणतात ते, भोकाच्या आत येता कामा नयेत.

याचं एक उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निवृत्तीनंतर एका खासगी मायक्रोलाइटची पाहणी करायला मला बोलावलं होतं. कुणाचं, कुठलं, ते इथं लिहीत नाही. मालकाची तक्रार होती की विमान वळवायची स्टिक मधोमध धरली तरी थोडी ढिली वाटते. पंखाच्या आतलं झाकण उघडलं. एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या, दुव्याला जो बोल्ट होता त्याच्या डोक्याभोवती काळपट, तेलकट पूड जमली होती. बोटाला लावली तर काजळासारखी. ती ॲल्युमिनियमची पूड होती. ब्रॅकेट आतून झिजत होतं. बोल्ट काढला तर तो डोक्यापर्यंत आट्यांचा, हार्डवेअरच्या दुकानातला. त्या आट्यांनी कानशीसारखं काम केलं होतं. गोल भोक अंड्यासारखं लंबगोल झालेलं, आणि आतल्या भिंतीवर एकाखाली एक आट्यांच्या रेघा उठलेल्या. भिंगाखाली त्या मोजता येत होत्या. बोल्ट शाबूत होता, एक ओरखडा नव्हता. ब्रॅकेट मात्र कामातून गेलं होतं.

म्हणून "वीस वर्षांत एकही तुटला नाही" हा हिशेब इथं लागू पडत नाही भाऊ. बोल्ट न तुटताही जोड खाऊन टाकतो.

आणि माप. तुमच्या किटमधली भोकं इंचाची असतील. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. इतवारीतला एम६ चा बोल्ट फार तर ६ मिलिमीटरचा, म्हणजे त्या भोकात तो हलतो. हाताला जेमतेम जाणवतं. इंजिन सुरू झालं की तोच ढिलेपणा मिनिटाला हजारो ठोके देतो.

देवळीचा_पाना
काका, हे वाचून लगेच शेडमध्ये गेलो. पाव इंचाच्या भोकात एम६ घालून पाहिला. हलतो. व्हर्नियर लावला तर ५.९ भरला. थ्रेशरवर हे माझ्या कधी लक्षातच आलं नसतं.

आता पेटीतले एएन बोल्ट ओळखायचे कसे? चिठ्ठ्या गेल्या आहेत. आणि सगळे एकसारखे पिवळसर दिसतात.

सार्जंट_हिंगणघाट
पिवळसर रंग म्हणजे कॅडमियमचा मुलामा आणि त्यावरचं क्रोमेट. आधी एक सूचना. तुमच्याकडे वेल्डिंग आणि ग्राइंडर दोन्ही आहेत. कॅडमियमच्या बोल्टला ज्योत लावायची नाही, घासायचं नाही. त्याचा धूर आणि पूड विषारी असते. मुलगा पोरवयातला आहे, त्याला हे बजावून सांगा.

ओळख डोक्यावरून होते. साध्या पोलादी एएन बोल्टच्या डोक्यावर उठावदार फुलीसारखी खूण असते आणि बनवणाऱ्याची अक्षरं असतात. डोक्यावर एकच आडवी रेघ असेल तर तो गंजरोधक पोलादाचा. दोन वेगळ्या रेघा असतील तर ॲल्युमिनियमचा, तो नियंत्रणाच्या दुव्यात चुकूनही लावू नका. काहीच खूण नसेल तर तो बोल्ट बाजूला.

नंबर असा वाचायचा. एएन३ म्हणजे ३/१६ इंच जाडी, एएन४ म्हणजे ४/१६, म्हणजे पाव इंच, एएन५ म्हणजे ५/१६. नंतरच्या आकड्यात लांबी. इथं नवखा माणूस हमखास चुकतो. एएन४-१० मधला १० म्हणजे एक इंच आणि शून्य अष्टमांश. एएन४-१२ म्हणजे एक इंच आणि दोन अष्टमांश, सव्वा इंच. ७ नंतर थेट १० येतो. ८ आणि ९ नंबर नसतातच, म्हणून कुणी "आठ अष्टमांश म्हणजे एक इंच" असा हिशेब करून ८ नंबर मागवत असेल तर त्याला आताच थांबवा. शेवटी ए असेल तर दांडीला भोक नाही. ए नसेल तर कॉटर पिनसाठी, म्हणजे नट फिरू नये म्हणून आडव्या घालायच्या पिनेसाठी, भोक आहे.

मापाचं उदाहरण देतो. एएन४-१०ए ची पूर्ण लांबी नंबरातल्या लांबीपेक्षा किंचित जास्त, १ इंच १/३२, आणि ग्रिप ९/१६ इंच. तुमच्या जोडाची जाडी व्हर्नियरने मोजा आणि त्यावरून ग्रिप निवडा. थोडा फरक वायसरने भरून काढता येतो. पाव इंचाला एएन९६०-४१६ वायसर, जाडी साधारण १.६ मिलिमीटर, आणि त्याच्याच निम्म्या जाडीचं एल अक्षराचं. तीन-तीन वायसर चढवावे लागत असतील तर बोल्ट चुकीचा आहे.

बिरसी_हँगर
गोंदियाकडे बिरसी विमानतळावर देखभालीच्या कामात आहे. सार्जंट काकांनी नंबर वाचायला सांगितलं, त्याला जोडून एक घटना सांगतो. आमच्या क्षेत्रात ती प्रत्येकाला शिकवतात.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. १७,३०० फुटांवर कप्तानासमोरची काच उडून गेली. कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कप्तानसुद्धा.

काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधीच बदललेली होती. ९० बोल्ट. त्यातले ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने बारीक होते, म्हणजे जेमतेम ०.६६ मिलिमीटर. उरलेले सहा आखूड होते. काम करणाऱ्याने काढलेला जुना बोल्ट हातात घेतला आणि त्याच्यासारखे दिसणारे नवे डोळ्यांनी निवडले. भागांच्या यादीत नंबर पाहिला नाही. तो अनुभवी माणूस होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

देवळीकर, पेटीतले बोल्ट "हा त्याच्यासारखा दिसतो" असं म्हणून लावू नका. किटच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक जोडाचा नंबर असतो. तो नंबर भाच्याने मोठ्याने वाचायचा आणि तुम्ही व्हर्नियरने बोल्ट मोजायचा. दोन माणसं, दोन कामं.

ड्रोन_दारव्हा
मी विमानातली नाही, फवारणीचा ड्रोन चालवते, बचत गटाचा आहे. पण हे सगळं वाचून आमचंच वाटलं. आमच्या ड्रोनच्या घडीच्या हातांचे बोल्ट कपाशीच्या हंगामात ढिले पडायचे. मी रोज घट्ट करायची आणि एक दिवस आटेच मेले. मग कंपनीच्या माणसाने दाखवलं की जितका जोर सांगितला आहे तितकाच लावायचा. आणि फवारणीनंतर औषध बोल्टच्या डोक्याखाली साचतं, तिथं पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ती पुसल्याशिवाय मी आता ड्रोन पेटीत ठेवत नाही.

मोठ्या विमानाला जोर किती लावतात? हातानेच की पान्याने मोजून?

बिरसी_हँगर
ताई, मोजून. आणि तुम्ही पाहिलेली पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की असं होतं. कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियमची जोडी तर फारच वाईट. पुसता ते उत्तम करता.

जोराचे आकडे: कोरड्या, स्वच्छ आट्यांवर, साध्या नटला एएन३ साठी २० ते २५ इंच-पौंड, एएन४ साठी ५० ते ७०, एएन५ साठी १०० ते १४०. न्यूटन-मीटरमध्ये एएन४ चा आकडा साधारण ५.६ ते ७.९ येतो, एएन३ चा २.३ ते २.८. कातर ताणाच्या, म्हणजे फक्त आडवा जोर घेणाऱ्या जोडाच्या, पातळ नटला याहून कमी. विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरायचा. नायलॉनचा लॉकनट असेल तर तो आट्यांवर मोकळा फिरवायला जो जोर लागतो तो आधी मोजायचा आणि वरच्या आकड्यात मिळवायचा. शक्य तिथं नट फिरवायचा, बोल्टचं डोकं धरून ठेवायचं. तेल लावलं तर हे आकडे लागू होत नाहीत.

देवळीचा_पाना
माझ्याकडे टॉर्क पाना आहे, पण तो ट्रॅक्टरच्या हेडसाठी घेतलेला. ४० न्यूटन-मीटरपासून सुरू होतो.

सार्जंट_हिंगणघाट
तो या कामाला अजिबात चालणार नाही. तो कट्ट वाजेपर्यंत पाव इंचाचा बोल्ट ताणला गेलेला असेल.

नटबद्दल राहिलं होतं. नायलॉनचा लॉकनट, म्हणजे एएन३६५, १२१ अंश सेल्सिअसच्या पुढे धरत नाही. आपल्या चंद्रपूरच्या उन्हाने त्याला काही होत नाही, पण फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन वेगळं करणाऱ्या आडभिंतीच्या, पुढे, इंजिनाच्या बाजूला तो लावायचा नाही. तिथं पूर्ण धातूचा, एएन३६३. आणि ज्या जोडात भाग बोल्टभोवती फिरतो, जसं की रडरचा (शेपटीच्या उभ्या हलत्या पट्टीचा) दुवा किंवा कप्पी, तिथं कोणताच लॉकनट चालत नाही. तिथं खाचांचा कॅसल नट आणि कॉटर पिन. कॉटर पिन एकदा काढली की ती परत लावायची नाही. लॉकनट बोटांनी शेवटपर्यंत फिरत असेल तर तोही टाकून द्यायचा. आवळल्यावर नटच्या बाहेर निदान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे.

रॉड एंड बेअरिंग, म्हणजे दुव्याच्या टोकाचं गोळ्याचं बेअरिंग, जिथं उघड्या टोकाला आहे तिथं एएन९७० चं मोठं वायसर लावा. बेअरिंगचा गोळा निखळला तरी दुवा त्या वायसरला अडतो, सुटून पडत नाही. हे एक वायसर कुणाचा तरी जीव वाचवतं, म्हणून आवर्जून सांगतो.

काटोल_वर्कशॉप
एक विचारू का? इंटरनेटवर एएन बोल्ट स्वस्तात दिसतात, फोटोत डोक्यावर फुली पण असते. ते घेतले तर?

धातुशिक्षक_अमरावती
फुली कोरायला किती वेळ लागतो? ८ सप्टेंबर १९८९ ला नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचं कॉन्व्हेअर विमान डेन्मार्कच्या उत्तरेला समुद्रात कोसळलं. ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालं होतं. विमानातले सर्व ५५ जण गेले. तपासात निघालं की शेपटीचं उभं पंख धडाला जोडणाऱ्या भागांमध्ये बनावट बोल्ट आणि पिना होत्या, ज्यांची ताकद मूळ भागांपेक्षा खूपच कमी होती. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, अमेरिकेने बोल्टांच्या दर्जासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यामागे त्यांच्याकडची खोट्या ग्रेडच्या बोल्टांची अनेक वर्षांची प्रकरणं होती.

प्रयोगशाळेत मी बोल्ट ओढून तोडू शकतो. पण तुटलेला बोल्ट विमानात लावता येत नाही, आणि न तुटलेल्याबद्दल मी शपथ घेऊ शकत नाही. त्यामुळे कागद लागतो. कुठल्या कारखान्यात बनला, कुठल्या तुकडीतला, कुणी तपासला. एअरक्राफ्ट स्प्रूससारखे विमानाचं सामान विकणारे दुकानदार मागितलं तर अनुरूपतेचं, म्हणजे माल मानकाप्रमाणे असल्याचं, प्रमाणपत्र देतात. बिल आणि ते प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये ठेवा.

देवळीचा_पाना
चार दिवसांनी परत लिहितो आहे. काम केलं, मग लिहायला बसलो.

पेटी पूर्ण रिकामी केली. जुन्या साडीवर सगळे बोल्ट पसरले, भाच्याने ड्रॉइंग वाचलं, मी मोजलं. बहिणीने वहीत लिहून घेतलं. १४० पैकी ९७ डोक्यावरच्या खुणेसकट नंबरात बसले. २१ पावसात भिजून डागाळले होते, मुलाम्याखाली तांबूस गंज दिसत होता. बाकीचे २२ सर्वात वाईट निघाले. ते आमचेच होते. मागे कधीतरी शेडमधल्या कुणीतरी सांडलेले बोल्ट गोळा करताना ट्रॉलीचे ८.८ त्यात मिसळले असणार. जस्ताचा मुलामा, रंगही जवळपास तसाच. त्यातला एक मी लँडिंग गिअरच्या ब्रॅकेटला लावूनही टाकला होता. डोक्यावर फुली नव्हती, ८.८ लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलं नव्हतं. काढला तेव्हा चुडीच्या दोन रेघा ब्रॅकेटच्या भोकात उमटलेल्या होत्या. भाचा ते बघून काहीच बोलला नाही, त्याने गुपचूप नव्या ब्रॅकेटचा नंबर ऑर्डरीत लिहिला.

४३ बोल्ट, सगळे नायलॉन नट, कॉटर पिना आणि वायसर नवीन मागवले. प्रमाणपत्र मागितलं आहे. छोटा टॉर्क पाना, १ ते १० न्यूटन-मीटरचा, पुण्याहून येतो आहे. कप्प्यांचा डबा घेतला, प्रत्येक कप्प्यावर नंबर लिहिला. विमानाच्या कामासाठी शेडचा एक कोपरा पत्रा ठोकून वेगळा केला. ट्रॉलीचं सामान तिकडे जाणार नाही.

सार्जंट_हिंगणघाट
शाब्बास भाऊ. ब्रॅकेट बदलायचा निर्णय योग्य आहे. भोक मोठं करून जाड बोल्ट लावायचा मोह झाला असता तर भोकापासून ब्रॅकेटच्या कडेपर्यंतचं अंतर कमी पडलं असतं.

आणखी एक. विमानाच्या कोपऱ्यात एका फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगाने काढा आणि त्या आकारावरच पाना टांगा. काम संपलं की फळीकडे बघायचं. एकही आकार रिकामा असेल तर झाकण लावायचं नाही. हवाई दलात आम्ही असंच करायचो.

ते २२ आणि २१ बोल्ट कुठे ठेवले?

देवळीचा_पाना
८.८ चे ट्रॉलीच्या डब्यात परत गेले. गंजलेले २१ कचऱ्यात टाकणार होतो.

सार्जंट_हिंगणघाट
नुसते टाकू नका. कुणीतरी उचलून परत आणेल, डोक्यावर फुली आहे म्हणून. व्हाइसमध्ये धरून एकेक वाकवा, कानस लावायची नाही, आणि डोक्यावर लाल रंग मारा. पुढच्या आठवड्यात मी वर्ध्याला येणार आहे, तेव्हा देवळीला येतो. माझा छोटा टॉर्क पाना सोबत आणतो. तुमचा आला की दोन्हींचे आकडे जुळवून पाहू.

देवळीचा_पाना
या काका, जेवायलाच या. २१ बोल्ट वाकवून झाले, रंग वाळतो आहे.